गुप्त साक्षीदाराचा जाहीर सत्कार

धायरीतल्या आमच्या सोसायटीच्या फाटकातून आत येणाऱ्या प्रत्येक माणसाला गावंडेबाईंनी एकदा तरी विचारलेलं आहे, "कुठी चालला?" मलाही विचारलं. मी तिथला जुना रहिवासी, आणि त्यांना राहायला येऊन पुरता आठवडाही झाला नव्हता. माझा जन्म नारायण पेठेतला. असल्या प्रश्नाला आम्ही उत्तर देत नाही, उलट प्रश्न करतो. "आपण कोण?" मी वर बघून म्हणालो. पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून उत्तर आलं, "मी कोण ते मागून सांगते. आधी तुमी सांगा." मी नाव सांगितलं, मजला सांगितला, पिशवीत काय आहे तेही सांगितलं. का सांगितलं ते मला अजून कळलेलं नाही.

पुढे समजलं की बाईंनी सगळी नोकरी अमरावतीला मुलींच्या वसतिगृहात रेक्टर म्हणून काढली होती. कोणती मुलगी कोणाच्या मोटरसायकलवरून उतरली, कोणता मुलगा कोपऱ्यावर उगाच सायकलची चेन बसवत उभा आहे, हे बघण्यात आयुष्य गेलेलं. यजमान वारले, त्या निवृत्त झाल्या, आणि सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला असलेल्या नीलेशने आईला इकडे आणलं. आईने येताना जवसाची चटणी आणली, ठेच्याचा खलबत्ता आणला आणि ती नजर आणली. रोज सकाळी चहाचा कप घेऊन त्या गॅलरीत उभ्या राहत. सोसायटीने फाटकावर कॅमेरे बसवायचा ठराव मांडला तेव्हा बैठकीत म्हणाल्या, "मी फुकट आहो ना." ठराव तरीही मंजूर झाला. ते कॅमेरे किती कामाला आले ते पुढे सांगतो.

आमच्या बोलण्याची त्यांना गंमत वाटायची. "तुमच्या पुण्यात कोणी 'आपण' म्हटलं का समजावं, दार लावून घेऊन रायले," असं त्या म्हणत, आणि हे त्या आमच्याच सोफ्यावर बसून, आमचाच चहा पीत म्हणत. घंटी वाजवायची पद्धत त्यांना मान्य नव्हती. पण त्यांची खरी ओळख म्हणजे त्यांचा एक प्रश्न. बायकोने एकदा सांगितलं की वरच्या मजल्यावरची सून माहेरी निघून गेली, सासूशी पटत नाही. बाईंनी कप खाली ठेवला. "पाह्यलं का आयकलं?"

"ऐकलं," बायको म्हणाली.

"मंग सोडा."

वसतिगृहात मुलींच्या चुगल्या ऐकून ऐकून लागलेली सवय. पाहिलेलं असेल तर बाई ते धरून ठेवत, ऐकीव असेल तर तिथल्या तिथे टाकून देत. आमच्या इमारतीत या नियमाने बोलायचं ठरलं असतं तर सगळे मुके झाले असते.

आता पाण्याचं सांगायला हवं. खडकवासल्याचं धरण आमच्यापासून इतकं जवळ आहे की पाहुणे आले की त्यांना तिथे कणीस खायला नेतो. पाणी मात्र आम्हाला टँकरने येतं. आणि टँकर एकाच माणसाचे. त्यांना सगळे दादा म्हणतात. नाव लिहीत नाही, कारण खटला चालू आहे. ज्यांना माहीत नसेल त्यांनी चौकातले वाढदिवसाचे फलक वाचावेत. दुसऱ्या कोणाचा टँकर गल्लीत आला तर त्याचे टायर फाडले जात. तक्रार केली तर चार पोरं पकडली जात आणि आठवडाभरात जामिनावर सुटून त्याच कोपऱ्यावर उभी राहत. याला आम्ही धंदा म्हणत होतो. टोळी हा शब्द आमच्या तोंडी नव्हता, कारण टोळीला सिनेमात पिस्तुलं असतात आणि आमच्याकडे नुसत्या पाण्याच्या टाक्या होत्या.

आमच्या सोसायटीने महापालिकेकडे नळजोडणीसाठी अर्ज केला, आणि दुसऱ्या दिवसापासून दादांचा टँकर बंद झाला. दोन दिवस कोरडे काढल्यावर सेक्रेटरी भागवतांनी खडकवासल्याच्या बाजूचा एक टँकर बोलावला. तो सकाळी गल्लीत शिरला आणि पोरांनी चालकाला खाली ओढलं. सळईने त्याचा पाय मोडला. मग टाकीची चावी खोलून दिली. आमच्या बादल्या रिकाम्या होत्या, आणि टाकीभर पाणी गल्लीतून वाहत मुख्य रस्त्याकडे गेलं.

पोलीस आले. कॅमेरे त्या दिवशी बंद निघाले. आणि आमच्या इमारतीतली निम्मी माणसं त्या वेळी आंघोळीला गेलेली होती. दोन दिवस पाणी नव्हतं, तरीही. मी स्वतः खरोखरच आंघोळीला गेलो होतो, पण नारायण पेठेत बहिणीकडे. तिथे पाणी येतं. गॅलरीत उभं राहून ज्यांनी मोबाइलवर चित्रण केलं होतं त्यांचे मोबाइल दुरुस्तीला गेले होते. कोणालाच काही दिसलं नव्हतं.

गावंडेबाई मात्र दूध घेऊन परत येत होत्या. गल्लीच्या तोंडाशी एक पांढरी गाडी उभी होती, काच खाली केलेली. पोरं आधी त्या गाडीपाशी गेली. आत दादा बसले होते. ते पोरांना म्हणाले, "हात नको. पाय. गाडी चालवता आली नाही पाहिजे." हे वाक्य बाईंनी दोन हातांवरून ऐकलं. दुधाची पिशवी घेऊन चाललेल्या एका म्हाताऱ्या बाईची दखल घ्यावी असं दादांना वाटलं नसणार.

तपासाला आले ते सहायक पोलीस आयुक्त शांत आणि जरा थकलेले गृहस्थ होते. बाईंच्या घरी बसून त्यांनी समजावलं, मी शेजारी होतो. साधी मारहाण म्हणून गुन्हा नोंदवला तर पोरं पुन्हा सुटणार, आणि दादा गुन्ह्यात येणारच नाहीत, कारण ते गाडीतून उतरलेच नाहीत. म्हणून संघटित गुन्हेगारीचा कायदा लावायचा, ज्याला सगळे मोक्का म्हणतात. त्यात एकटी मारहाण बघायची नसते, सगळी टोळी बघायची असते: आधीची आरोपपत्रं, कोणाच्या हुकमाने, कोणाच्या फायद्यासाठी. हुकूम देणारा हा मारणाऱ्याइतकाच आत जातो, आणि जामीन सहजासहजी मिळत नाही.

"फक्त हुकूम कोणी दिला, हे कोर्टात कोणीतरी सांगायला हवं," ते म्हणाले.

"म्हणजे मी."

"म्हणजे तुम्हीच. बाकी कोणी तयार नाही. या कायद्यात साक्षीदाराचं नाव गुप्त ठेवता येतं. कागदावर तुमचं नाव येणार नाही, पत्ता येणार नाही."

"नाव ठेवान गुप्त," बाई म्हणाल्या. "आवाजाचं काय करान?"

साहेब हसले. बहुधा त्या महिन्यात पहिल्यांदा हसले असावेत. मला तो कायदा त्या दिवशी फार आवडला. आजही आवडतो. माझा राग कायद्यावर नाही, हे इथेच सांगून ठेवतो.

मोक्का लागला. दादा आत गेले, पोरं आत गेली. आणि आमच्या गल्लीत तीन वेगवेगळ्या रंगांचे टँकर येऊ लागले. चालक खाली उतरून "कुठं लावू?" असं विचारायला लागले. हे कोणामुळे झालं ते इमारतीत सगळ्यांना ठाऊक होतं, पण फाटकाच्या बाहेर कोणाला ठाऊक नव्हतं. एवढं जरी आम्हाला टिकवता आलं असतं तरी पुरे होतं.

पण आम्ही पडलो सत्कार करणारी माणसं. आमच्याकडे पोर दहावी झालं तरी सत्कार, माणूस काशीला जाऊन आला तरी सत्कार, मुतखडा पडला तरी शाल आणि नारळ. महिला दिन जवळ आला आणि भागवतांना बाईंची कृतज्ञता वाटू लागली. मी रेशनिंगच्या कामाला गेलो होतो, परत येताना चौकात मान वर केली तर विजेच्या खांबावर बाई हसत होत्या. सात-आठ फुटी फलक. "संघटित गुन्हेगारीविरुद्ध निर्भीडपणे साक्ष देणाऱ्या आमच्या गावंडेताईंचा जाहीर सत्कार." खाली वेळ, ठिकाण, इमारतीचं नाव. त्याच खांबाला वरच्या बाजूला दादांचा फलक होता, त्यांच्या वाढदिवसाचा, "दादा, आम्ही वाट पाहतोय."

मी भागवतांकडे गेलो. चपलाही काढल्या नाहीत.

"अहो, त्यांचं नाव कोर्टाने गुप्त ठेवलंय."

"ते कोर्टात हो," भागवत म्हणाले. "हा आपला घरगुती कार्यक्रम आहे."

"घरगुती कार्यक्रमाचा फलक चौकात?"

"मग लोकांना कळणार कसं?"

भागवत वाईट माणूस नाही, आणि म्हणूनच माझा संताप अजून निवत नाही. वाईट माणसाला शिव्या देऊन मोकळं होता येतं. हा माणूस स्वतःच्या खिशातून शाल आणायला लक्ष्मी रोडला गेला होता. ज्या बाईचं नाव एका न्यायाधीशाने, एका सरकारी वकिलाने आणि एका थकलेल्या अधिकाऱ्याने महिनोन्महिने ओंजळीत धरून ठेवलं, ते याने मोठ्या अक्षरांत छापून खांबावर टांगलं, आणि वर माझ्याकडे कौतुकाच्या अपेक्षेने बघत उभा राहिला.

नीलेशने आणि मी दोऱ्या कापून फलक खाली उतरवला. बाई तोवर खाली आल्या होत्या. त्यांनी फलक रस्त्यावर पसरून नीट पाहिला. "हा फोटो सहलीतला. डोळे मिटेल आहेत माहे. फोटो तरी धड टाकाचा, भागवतजी." मग घरी जाऊन त्यांनी दार लावून घेतलं. बाईंचं दार दिवसा लागलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

दुसऱ्या दिवशी दोन तरुण आले. स्वच्छ कपडे, पायांतले बूट दाराबाहेर काढून ठेवलेले. पेढ्यांचा बॉक्स नीलेशच्या हातात देऊन म्हणाले, "काकूंचा सत्कार ठरलाय, असं कळलं. अभिनंदन करायला आलो. तुमची कंपनी हिंजवडीला ना? लांब पडतं रोज." पाया पडून गेले. पोलिसांत सांगितलं तर काय सांगणार? पेढे दिले, पाया पडले. तक्रारीत काय लिहायचं ते त्या ठाण्यातल्या हवालदारालाही सुचेना. संरक्षणाला एक शिपाई मिळाला. बाई त्यालाही विचारायच्या, "कुठी चालला?" एक दिवस तो म्हणाला, बंदोबस्ताला. तो गेला तो परत आलाच नाही.

नीलेश रडकुंडीला आला होता. माझ्यासमोरच आईला म्हणाला, "आई, एकच वाक्य बोलायचंय. नीट दिसलं नाही म्हण. वय झालंय, कोणीही मानेल. प्लीज."

"आयकीव असतं तं सोडलं असतं रे," त्या म्हणाल्या. "मी पाह्यलं. आता काय करू?"

साक्षीच्या दिवशी मी त्यांच्याबरोबर गेलो. नाव चव्हाट्यावर आल्यावर गुप्ततेचा उपयोग उरला नव्हता, त्यामुळे मला आत बसता आलं. साक्षीदारांना बसायला वेगळी खोली नव्हती. व्हरांड्यात एक बाक होतं, त्यावर दादांचे मेहुणे आणि दोन पुतणे बसलेले. बाईंसाठी त्यांनी उठून जागा करून दिली. इतका कडक कायदा आपण केला. राज्याच्या विधिमंडळाने केला, मोठमोठ्या वकिलांनी त्याचा कीस पाडला. आणि जिच्या जिवावर तो चालायचा त्या बाईला बसायला एक खुर्ची वेगळी मांडायचं कोणाला सुचलं नाही.

तिथेच तो टँकरचालक भेटला. लंगडत आला. त्याची साक्ष आदल्या तारखेला झाली होती, आणि आपण टाकीवरून घसरून पडलो असं त्याने शपथेवर सांगितलं होतं. कोर्टाने त्याला फितूर ठरवलं. तो बाईंसमोर उभा राहिला आणि खाली बघत म्हणाला, "काकू, मला तिकडंच ऱ्हायाचं हाय. पोरीची शाळा तिकडंच हाय."

बाईंनी पिशवीतली पाण्याची बाटली काढून त्याच्या हातात दिली. तो गेल्यावर मी काहीतरी बोललो, फितूर हा शब्द वापरून. बाई एकदम कडाडल्या, व्हरांडा वळून बघायला लागला. "फितूर तो? त्याचा पाय मोडला, आपटेजी. तुमच्या इमारतीतल्या लोकाइचं काय मोडलं होतं?"

तेवढ्यात पुकारा झाला.

साक्ष चांगली झाली. सरकारी वकिलांनी विचारलं तसं बाईंनी सांगितलं. गाडी कुठे होती, काच किती खाली होती, शब्द काय होते. आरोपी ओळखता का, असं विचारल्यावर पिंजऱ्याकडे बोट केलं. दादा स्वच्छ पांढऱ्या शर्टात बसले होते. मग बचावाचे वकील उठले, अतिशय सभ्य, आणि त्यांनी एक रंगीत छायाचित्र बाईंच्या पुढे ठेवलं. चौकातला फलक.

"आपला जाहीर सत्कार ठरला होता?"

"ठरला होता. झाला नाही."

"साक्ष द्यायच्या आधीच आपण साक्ष दिली म्हणून सत्कार. म्हणजे काय बोलायचं ते आधीच ठरलेलं होतं. प्रसिद्धीची आवड आहे आपल्याला?"

"आवड असती तं डोळे उघडे असलेला फोटो देला असता," बाई म्हणाल्या. न्यायाधीशांनी मान खाली घालून काहीतरी लिहिलं. पण वकिलांनी ते छायाचित्र परत घेतलं नाही, ते कोर्टात दाखल झालं. भागवतांची शाल आणि नारळ हा आता दादांच्या बचावाचा पुरावा आहे. त्यानंतर वेळ संपली आणि उरलेली उलटतपासणी पुढच्या तारखेवर गेली. पुढच्या तारखेला वकील आजारी होते. त्याच्या पुढच्या तारखेला आरोपींना तुरुंगातून आणायला गाडी नव्हती. मग मी तारखा मोजणं सोडून दिलं.

आणि खटला इतका लांबला या कारणाने दादांना वरच्या कोर्टात जामीन मिळाला. ज्यांनी लांबवला त्यांनाच. कायद्याचं त्यात चुकलं असं मी म्हणणार नाही. माणूस निकालाविना किती काळ आत ठेवायचा, हा प्रश्न खराच आहे. पण साक्षीदाराने निकालाविना किती काळ भीत राहायचं, हा प्रश्न कोणत्या कोर्टात विचारायचा ते मला कोणीतरी सांगावं. जामिनाच्या अटीत लिहिलं होतं की आरोपीने साक्षीदारांशी संपर्क करू नये. आमच्या गल्लीत शिरू नये, असं मात्र लिहिलेलं नव्हतं.

नीलेशने वाघोलीला जागा घेतली. बाईंचं सामान टेम्पोत चढलं त्याच सकाळी दादा परत आले. हे कोणी जुळवून आणलं नव्हतं. टेम्पो फाटकातून निघून गल्लीच्या मध्यावर आला आणि समोरून ताशे वाजत मिरवणूक आत शिरली. उघड्या जीपमध्ये दादा उभे, गळ्यात हार, मागे गाड्याच गाड्या. आमची गल्ली एका गाडीची. फाटकापाशी आमची कार्यकारिणी उभी होती. भागवतांच्या हातात पुष्पगुच्छ होता. "पाणी तर लागणारच ना हो," टेम्पो फाटकातून निघताना ते मला म्हणाले होते.

मी टेम्पोच्या पायरीशी चालत होतो, बाईंना मुख्य रस्त्यापर्यंत पोचवायला. पोरं ओरडली, टेम्पो मागे घे. चालकाने बाईंकडे पाहिलं. त्या त्याच्या शेजारी पर्स मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

"मागं काऊन?" बाई म्हणाल्या, आणि तो आवाज ताशांच्या वर गेला. "आमी बाहेर जाऊन रायलो. उतरणाऱ्याले आधी उतरू द्याव लागते."

ताशे थांबले. वीस-पंचवीस मोबाइल वर झालेले होते, सगळे चित्रण करत होते. जामिनावर सुटलेला माणूस कॅमेऱ्यासमोर फार सभ्य असतो. दादा हसले आणि मागे बघून म्हणाले, "घ्या रे मागे. काकू आहेत." एकेक करत सगळ्या गाड्या मागे सरकत गेल्या, आणि टेम्पो त्यांना ढकलत नेल्यासारखा पुढे जात राहिला. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर त्याची चित्रफीत फिरते आहे, खाली टाळ्या आणि सलाम. जे टाळ्या देतात त्यांचा मला राग येतो. बाई जिंकल्या असत्या तर त्या तिथेच राहिल्या असत्या आणि सामान दुसऱ्या कोणाचं तरी निघालं असतं.

गल्लीच्या तोंडाशी जीप बाजूला घेतलेली होती. टेम्पो तिच्या बरोबरीला आला तेव्हा बाईंनी चालकाला थांबायला सांगितलं. दादांनी हात जोडले.

"पुढच्या तारखेले येजा," बाई त्यांना म्हणाल्या. "माही उलटतपासणी बाकी आहे."

टेम्पो वळला. मी खिडकीशी हात वर केला, पण बाईंनी माझ्याकडे बघितलं नाही. त्या समोर रस्त्याकडे बघत होत्या. पर्सचा बंद त्यांनी दोन्ही हातांनी घट्ट धरला होता.